पिवळी आणि बाबांचे थेंब

सोमवार, ५ फेब्रुवारी १९७९

स्वस्थ बसवत नाही म्हणून लिहायला घेतलं आहे. विणायला घेतलं तर टाके सुटतात, वाचायला घेतलं तर तेच पान पुन्हा पुन्हा. बाबा म्हणतात, तुझ्या बुडाखाली कुणी निखारे ठेवलेत का? ठेवले असते तर बरंच झालं असतं. आज संस्थेत इतकी थंडी होती की मी हातमोजे घालून काचसामान धरत होते.

बॉयलर पुन्हा बसला. दुरुस्तीवाल्याला अर्धी बाटली पिण्याजोगं शुद्ध स्पिरिट दाखवल्याशिवाय तो पाना उचलत नाही. स्पिरिटच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. महिन्याचा कोटा ठरलेला, आणि त्यातून बॉयलरवाला, उंदरांना दाणा आणणारा ड्रायव्हर, शिवाय प्रत्येकाचा नामदिन, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा सण, असं सगळं निभवायचं. किल्ली माझ्याकडे आल्यापासून कपाट एकदाही रिकामं पडलेलं नाही. प्रबंधाचं काय व्हायचं ते होवो, एवढं तरी मला जमतं.

काम मात्र कंटाळवाणं. औषध कारखान्याने ‘सेर्दामिन’ तपासायला पाठवलं आहे. हृदयाचे थेंब. आमच्या वूच शहरातले, अख्ख्या पोलंडातलेच म्हणा, निम्मे म्हातारे साखरेच्या खड्यावर घेतात, आमचे बाबाही. पांढऱ्या उंदराच्या यकृतातून मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढायचे, काचेच्या कुपीत सोडायचे, वर रबराचं बूच. ते प्राणवायू किती वेगाने खातात ते लेखणी कागदावर रेघ ओढून सांगते. शेवटी पिवळीचा एक थेंब, आणि संपलं.

पिवळी म्हणजे एफसीसीपी. पूर्ण नाव घेताना जीभ अडखळते, म्हणून रंगावरून पिवळी. जहाल विष आहे. पेशीतला जाळ आणि त्या जाळावर चालणारं काम यांची फारकत करून टाकते. चूल धडधडत राहते आणि वरचे बटाटे कच्चेच. पिवळी पडली की रेघ सरळ खाली कोसळते, त्यावरून माल ताजा होता की नाही ते कळतं. साहेबांच्या एका पाहुण्याने स्वित्झर्लंडहून चिमूटभर आणली होती, ती अजून पुरते आहे.

माझी मुदत दोन वर्षांची. तेवढ्यात डॉक्टरेटनंतरचा मोठा प्रबंध झाला नाही तर मला कुठल्यातरी शाळेत रसायन शिकवायला धाडतील.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आज रेघ पिवळीशिवाय कोसळली.

सकाळी नेहमीप्रमाणे आधी औषधाविना प्रयोग. रेघ अगदी शहाण्या मुलीसारखी उतरत गेली. शेवटी पिवळी घातली, मग कुपी आणि बूच पाण्याने तीनदा खळखळून धुतलं. दुसऱ्या खेपेला कुपीत आधी सेर्दामिन घातलं, मग मायटोकॉन्ड्रिया सोडले, आणि रेघ पहिल्यापासूनच उतारावर सुटलेल्या घसरगाडीसारखी. मी बूच काढून पाहिलं, वास घेतला, पुन्हा केलं. पुन्हा तेच, उलट जास्तच.

म्हणजे हे थेंब पिवळीसारखेच वागतात. हळू, पण तसेच.

शेजारच्या टेबलावर वालेन्तीनाबाई आपली कुपी धूत होत्या. त्यांचं ते धुणं बघून माझा जीव वरखाली होतो. आधी स्पिरिट, पुन्हा स्पिरिट, मग उरलेल्या यकृताचा लगदा आत घोळवायचा, पुन्हा स्पिरिट, मग पाणी. अर्धा तास. मी दिवसभर पाण्यावर भागवते आणि संध्याकाळी कुपी चमचाभर स्पिरिटने भरून ठेवते, तेवढं परवडतं. सगळेच त्यांच्यासारखे वागले तर बॉयलरवाल्याला काय द्यायचं?

सोमवार, १२ फेब्रुवारी

जितके थेंब जास्त, तितकी रेघ उभी. सकाळी अर्ध्या थेंबापासून सुरुवात केली आणि चढवत नेलं. दुपारपर्यंत असा देखणा आलेख झाला की मी तो खिशात घालून गल्लीत दोन फेऱ्या मारून आले. साहेबांना दाखवला. प्रोफेसर युझेफ ओल्शेव्स्की सहसा कशावरच बोलत नाहीत. आज चष्मा काढून म्हणाले, “लुत्सिनाबाई, हे कुणाला सांगितलंत?” मी म्हटलं, अजून नाही. “मग सांगू नका.”

पण घरी गेले तर बाबा साखरेच्या खड्यावर थेंब मोजत होते. एक, दोन, तीन, मोठ्याने. कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात जन्म गेला, कान गेले, तेव्हापासून सगळंच मोठ्याने. चौथ्या मजल्यावर ते थेंब मोजतात आणि तळमजल्याची बाई त्यांच्याबरोबर मोजते.

“बाबा, ते बंद करा.”

“काय?”

“थेंब. बंद.”

“डॉक्टरांनी दिलेत ना.”

“मीही डॉक्टरच आहे.”

“तू उंदरांची,” असं म्हणून ते हसले. मी हसले नाही हे पाहून खडा खाली ठेवला. मी त्यांना सगळं सांगितलं, कुपी, रेघ, चूल आणि कच्चे बटाटे. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग बाटली उचलून कपाटात अगदी मागे, आईच्या काचेच्या भांड्यांमागे ठेवली. “मशीनवर दिसलं म्हणतेस तर दिसलं असणार,” म्हणाले. “शिवाय साखर वाचेल. कार्डावर मिळते ती मुंग्यांनाही पुरत नाही.”

मला एकदम भरून आलं. मी म्हटलं, चहा करते. त्यांनी माझ्या हातातला ग्लास घेतला, दिव्याकडे धरला आणि पुन्हा नळाखाली नेला. हे रोजचंच आहे. “तू भांडी धूत नाहीस, त्यांना पाणी दाखवतेस,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पेन्शनरांच्या क्लबातही पत्ते वाटताना सगळ्यांना ऐकवतात.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

लठ्ठ गुरुवार, ईस्टरआधीच्या उपवासापूर्वीचा खादाडीचा दिवस. रांगेत उभं राहून गुलाबाचा मुरंबा भरलेले पाँच्की, तळलेले गोड गोळे, आणले, टेबलावर ठेवले आणि एकही खाल्ला नाही. कारण साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मार्चअखेर प्रागला परिषद आहे आणि तिथे सेर्दामिनवर मी बोलायचं. मी! शाळेतलं रसायन आता दुसरं कुणीतरी शिकवो.

मग म्हणाले, “मात्र त्याआधी वालेन्तीनाबाई एकदा करून बघतील.” वालेन्तीनाबाईंनी ओठांवरची साखर पुसली आणि मान हलवली.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

वालेन्तीनाबाईंना काहीच आलं नाही.

“माझ्या हाताला लागत नाही, लुत्सिनाबाई. रेघ जशीच्या तशी.”

“नमुना शिळा असेल.”

“तुमचीच बाटली आहे. काल तुम्हीच दिलीत.” त्यांनी कागद माझ्यापुढे पसरला. “तुम्ही कुपी कशाने धुता?”

“पाण्याने. धुते म्हणजे चांगली धुते.”

“पिवळी रबराला धरून बसते, पाण्याला ती दाद देत नाही. प्रत्येक खेपेला थोडी थोडी साठते. मला जरा जास्त स्पिरिट सोडा, दोघींनाही पुरेल एवढं. आणि उद्या क्रम उलटा लावून बघा. आधी सेर्दामिन, मग नुसतं.”

पुन्हा स्पिरिट! बोलणं कुठूनही सुरू होवो, गाडी माझ्या कपाटापाशी. मला माहीत आहे हे सगळं कुठून येतं. सहा वर्षांपूर्वी त्यांचा स्वतःचा मोठा प्रबंध परत आला, तेव्हापासून त्यांना कुणाचंच काही खरं वाटत नाही. आणि त्यांचा नवरा पितो हे अख्ख्या संस्थेला ठाऊक आहे.

“एवढं स्पिरिट कशाला?” मी विचारलं. “घरी पाहुणे यायचेत का?”

त्यांनी कागदाची घडी घातली, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि गेल्या. लागलं असेल तर लागू दे.

क्रम उलटा कसला? आधी नुसतं, मग औषध, हे मला साहेबांनीच पहिल्या दिवशी शिकवलं.

रविवार, ४ मार्च

बर्फ वितळायला लागलं आहे. सगळीकडे चिखल. बाबांचे बूट पायात जाईनात, मीच ओढून चढवले. ओले होऊन आखडले असतील. चपलांत पाय घालून बसले तर पायांवर मोज्यांच्या पट्ट्यांचे वळ.

हल्ली ते पलंगावर न झोपता खुर्चीत झोपतात. म्हणतात, आडवं पडलं की कुणीतरी छातीवर येऊन बसतं. वर कोळशाची बादली आणताना तिसऱ्या मजल्यावर टेकले. मी बादली घेतली आणि म्हटलं, बाबा, इतकी वर्षं अंगात विष साठलेलं, ते निघताना त्रास देणारच.

“तेच मी क्लबात सांगितलं,” ते म्हणाले. “म्हटलं, आमची लुशा मशीनवर बघून आलीय.” एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. पण चेहरा असा खुलला होता. आई गेल्यापासून माझ्याबद्दल इतकं कौतुक त्यांनी केलं नव्हतं, निदान माझ्यासमोर तरी.

गुरुवार, ८ मार्च

महिला दिन. साहेबांनी दरवर्षीसारखं प्रत्येकीला एक कार्नेशन आणि एक जोड लांब मोजे दिले, आणि दरवर्षीसारखेच मोजे एकाच मापाचे. वालेन्तीनाबाई माझ्याशी बोलत नाहीत. मीही बोलत नाही. मधल्या टेबलावरचा तराजू हवा असेल तर दोघी खोकतो.

बुधवार, १४ मार्च

भाषण टाइप होऊन आलं. वाचताना मला माझंच नाव अनोळखी वाटलं. आनंद व्हायला हवा, पण मी कुठेही बसले की उठावंसं वाटतं. कात्री घ्यायला जाते आणि खिडकीशी उभी राहते. जेवण जात नाही आणि तरी अंग तापल्यासारखं असतं. प्रवासाची धास्ती असेल.

खरं ते लिहिते. आज सकाळी लवकर गेले होते ती क्रम उलटा लावून बघायला. कोणी नव्हतं. सेर्दामिनची पिचकारी हातात घेतली, कुपीसमोर बसले. मग पिचकारी ठेवून दिली आणि रोजच्यासारखाच लावला. सगळं रोजच्यासारखंच आलं. कशाला भ्यायले ते माझं मलाच विचारायचं नाही.

शुक्रवार, १६ मार्च

सोमवारी साहेबांचा नामदिन. युझेफ म्हटल्यावर संस्थेत अजून तिघे आहेत, त्यामुळे एकाच्या नावाने चौघांचं. परंपरेप्रमाणे कपाटातलं सगळं स्पिरिट, चेरीचा रस आणि करपवलेली साखर, मोठ्या फ्लास्कमध्ये. साखर मी घरून नेली, बाबांची वाचलेली. चव घेतली, उत्कृष्ट झालंय. बाटल्या तळापर्यंत निथळून घेतल्या. कुपीसाठी चमचाभरही उरलं नाही, म्हणून तिच्यात साधं पाणी भरून ठेवलं. दोन दिवसांनी काय बिघडतंय?

मंगळवार, २० मार्च

काल सकाळी मी कुपीतलं पाणी ओतलं, मायटोकॉन्ड्रिया सोडले आणि लेखणी लावली. औषध नाही, काही नाही. दिवसाची पहिली रेघ.

ती कोसळली.

पहिला विचार आला तो असा की वालेन्तीनाबाईंनी माझ्या बाटल्यांत काहीतरी कालवलं. हे मी जसंच्या तसं लिहिते आहे. मी उठून त्यांच्या टेबलापाशी गेले आणि काय बोलायचं ते तोंडात जुळवत असताना मला रिकामं कपाट दिसलं. दार सताड उघडं, आत उलट्या घातलेल्या बाटल्या. या खेपेला कुपीला स्पिरिट मिळालंच नव्हतं, शुक्रवारची पिवळी बुचात तशीच बसून होती.

वालेन्तीनाबाई आल्या, त्यांनी रेघ पाहिली. पर्समधून चपटी बाटली काढली, स्वतःच्या पैशांनी आणलेलं स्पिरिट, आणि माझी कुपी धुवायला घेतली. बूच बोटांत फिरवत, लगदा, पुन्हा स्पिरिट. अर्धा तास मी त्यांचे हात बघत होते. मग त्यांनी कुपीत सेर्दामिन घातलं, माझ्या चढत्या आलेखातलं सगळ्यात वरचं माप, आणि लेखणी सोडली. रेघ शहाण्या मुलीसारखी उतरत गेली.

“माझ्या घरी पाहुणे येत नाहीत,” त्या हात पुसत म्हणाल्या. “नवराही येत नाही, चार वर्षं झाली.”

त्या पुढे म्हणाल्या, “ते राहू दे. तुमचे वडील हे थेंब घेतात ना?”

मी कोट न घालता पळाले. ट्रामची वाट बघवेना, अर्धं अंतर चिखलातून चालत गेले. बाबा तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले होते, शेजारी कोळशाची बादली, ओठ निळे. मला पाहून म्हणाले, “जरा टेकलोय. विष निघतंय.” शेजाऱ्यांनी फोन केला. रुग्णवाहिका येईपर्यंत मी वर जाऊन आईच्या भांड्यांमागून बाटली काढली, तर घरात साखरेचा खडा नव्हता. साखर मीच नेली होती. थेंब चमच्यातून दिले.

वॉर्डातल्या डॉक्टरांनी विचारलं, औषध कुणाच्या सांगण्यावरून बंद केलं? बाबा ऑक्सिजनच्या मास्कमागून ओरडले, “माझी मुलगी डॉक्टर आहे!” सगळ्या खाटांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर माझ्यापेक्षा तरुण होते. त्यांनी नुसतं कागदावर काहीतरी लिहिलं, आणि मला वाटतं त्यांनी मला बोल लावायला हवा होता.

आज पहाटे अंगातलं पाणी उतरलं, सूज कमी झाली. बाबा आडवे झोपले होते. मी संस्थेत जाऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी समोरचा फ्लास्क बाजूला सारला, त्यात तळाशी थोडं चेरीचं मद्य उरलं होतं. मग म्हणाले, “प्रागला तार करतो. कारखान्यालाही.” मी दारापर्यंत पोचले तेव्हा ते म्हणाले, “आधी नुसतं, मग औषध, हे मी शिकवलं. मधलं धुणं शिकवायचं राहिलं.” त्यांनी रागवायला हवं होतं. काल-आज सगळेच माझ्याशी चांगले वागत आहेत आणि ते मला सोसत नाही.

दुपारी बाबांना जाग आली, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग एकदम हात काढून म्हणाले, “अरे देवा, पेलागिया.”

पेलागियाबाई त्यांच्या गिरणीतल्या, कताई खात्यातल्या. क्लबात बाबांच्या समोर बसतात. बाकी कुणी बाबांचं ऐकलं नाही, ऐकत नाहीतच, पण त्यांनी बाबांनी सांगितलं त्याच संध्याकाळी आपली थेंबांची बाटली बंद केली होती. तीन आठवड्यांच्या वर होऊन गेले.

औषधाच्या दुकानातून थेंब घेतले आणि जुन्या गिरणीमागच्या चाळीत गेले. जिने चढताना एकच विचार, की दार उघडलं जाऊ दे. बराच वेळ काही नाही. मग आतून पाय ओढल्याचा आवाज, साखळीएवढी फट, आणि फटीत सुजलेला चेहरा.

“कोण?”

“मी लुत्सिना. एडमुंड यांची मुलगी. तुमचे थेंब घेऊन आले.”

“एडमुंडची मुलगी डॉक्टर आहे,” म्हातारी म्हणाली. दम लागत होता, पण आवाज कडक. “ती असल्या हवेत बिनटोपीची, चिखलाच्या बुटांनी फिरायची नाही. आणि तिनेच सांगितलंय, ते थेंब विष आहेत म्हणून.”

“मीच सांगितलं होतं. माझी चूक झाली.”

“तिची कशी होईल? तिने मशीनवर पाहिलंय.” फट आणखी बारीक झाली. “तुला कारखान्याने पाठवलं असणार. माल खपेना म्हणून.”

मी कुपीचं सांगितलं, रबराचं सांगितलं, पिवळी कशी साठत गेली ते सांगितलं. ती मान हलवत राहिली. एडमुंडची मुलगी प्रागला जाणार आहे. एडमुंडच्या मुलीने आलेख काढलाय. मी जे जे म्हणेन ते ती एडमुंडच्या मुलीच्या जोरावर खोडून काढत होती, आणि मधेच थांबून चौकटीला धरून श्वास घेत होती. तिचे पाय दिसत होते. चपलांच्या बाहेर आलेले. मला रडू यायला लागलं.

“बाई,” मी म्हटलं, “एडमुंडची मुलगी भांडी नीट धूत नाही.”

तिने मला वर-खाली पाहिलं.

“हे खरं आहे,” ती म्हणाली. “एडमुंड नेहमी सांगतो. नुसतं पाणी दाखवते.”

“तिथेही तेच केलं. त्या मशीनवर. भांडं नीट धुतलं नाही, आणि आधीचं विष आत राहिलं. थेंबांत काही नव्हतं.”

दार लोटलं गेलं. मला वाटलं, संपलं. पण आतून साखळी काढल्याचा आवाज आला.

स्वयंपाकघर एवढंसं, एक खुर्ची, तिच्यावर उशा रचलेल्या. तीही बसूनच झोपत होती. साखर तिच्याकडेही नव्हती. मी म्हटलं, पाण्यात देते, आणि ओट्यावरचा ग्लास उचलून नळाखाली धरला.

“ठेव तो,” पेलागियाबाई म्हणाल्या.

ग्लास त्यांनी माझ्या हातातून घेतला. एका हाताने ओट्याला धरून, सोड्याने घासून, आतून बाहेरून स्वतः धुतला आणि खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. मग खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “हं, मोज आता. मोठ्याने मोज.”